फाइल माझ्याच पिशवीत

पहाटे ५.३०
एरवी या वेळी थायरॉक्सिनची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तासभर चहाकडे बघायचंही नाही. आज गोळीसुद्धा थांबलीय. आधी रक्त द्यायचंय.

७.००
लॅबचा मुलगा सुई टोचण्याआधी विचारतो, "ताई, केसांसाठी बायोटिन वगैरे चालू आहे का?" हुशार आहे. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात. टीएसएच, साखर, लिव्हर, ड जीवनसत्त्व ही माझी वर्षाची वारी.

मला टर्नर सिंड्रोम आहे, म्हणजे दुसरं एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट नसणं. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एक. चौदाव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून माझा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) झाला, तेव्हा घरात बोलणं झालं ते उंचीचं आणि लग्नाचं. शरीर आपल्याच थायरॉइडवर उलटतं तो हाशिमोटोचा आजार आमच्यात इतर बायकांपेक्षा बराच जास्त दिसतो आणि वयाबरोबर वाढत जातो, हा विषय कुणी काढलाच नाही. मुलांच्या डॉक्टरांकडून सुटलेली मुलगी पुढे कुणाची पेशंट, हे आपल्याकडे ठरलेलंच नसतं.

११.००
आठवी ब. फळ्याचा खालचा अर्धा भाग माझा. उंची १४२ सेंमी. लहानपणी कान सारखे फुटायचे, आता उजव्या कानाला यंत्र आहे. मागच्या बाकावरून कुणी 'स' म्हणालं की 'श', हे ओठांवरून ओळखावं लागतं. मुलांना ते माहीत आहे. गंमत करायची असली की तोंडावर वही धरतात.

१.३०
मधली सुट्टी. भाकरी आवडते म्हणून खाते, गव्हाचं वावडं नाही. पण सिलिअ‍ॅकची तपासणी टर्नरमुळे काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. कॅल्शियम आत्ता घ्यायचं, थायरॉक्सिनपासून किमान चार तास लांब.

गेले काही आठवडे दुपारनंतर मी गळून जाते. स्टाफरूमचं निदान तयारच असतं: "वय झालं, मॅडम." थायरॉइड असाच लपतो. थकवा, वजन, बद्धकोष्ठता, यातलं काहीही बाईच्या नावावर सहज खपतं.

४.१५
रिपोर्ट मोबाइलवर. टीएसएच ८.४. मागच्या वेळी ३च्या आत होता. तो वाढला म्हणजे थायरॉक्सिन कमी पडतंय.

६.००
डॉक्टर नवे आहेत. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "गोळ्या वेळेवर घेता ना?" मी पिशवीतून फाइल काढते. ते पानं उलटतात आणि एका नोंदीवर थांबतात: इस्ट्रोजेनचं जेल बंद, गोळी सुरू. मग खुर्ची पुढे ओढून समजावतात. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं, यकृत थायरॉक्सिन वाहून नेणारं प्रथिन जास्त बनवतं, आणि मोकळं थायरॉक्सिन कमी पडतं. धडधाकट ग्रंथी ती तूट भरून काढते; माझ्या ग्रंथीत तेवढा दम नाही. डोस ७५वरून ८८ मायक्रोग्रॅम, तपासणी पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी.

मग हृदयाचा इको. महाधमनी ३.२ सेंमी, शेरा 'नॉर्मल'. नॉर्मल कुणासाठी? साधारण उंचीच्या बाईसाठी. आमच्यात हा आकडा शरीराच्या पृष्ठफळानं भागतात. माझं पृष्ठफळ १.३८ चौ. मीटर. डॉक्टर कॅल्क्युलेटर काढतात: २.३. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आमच्यात महाधमनी फाटण्याचा धोका जास्त असतो, झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असल्या तर आणखी. माझ्या झडपेला तीन आहेत, तेवढं नशीब. तरी रक्तदाब सांभाळायचा, एमआरआय करून घ्यायचा, आणि छातीत किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली तर अ‍ॅसिडिटी समजून घरी बसायचं नाही.

९.००
आईचा फोन. "पाळीची गोळी अजून कशाला? मूल तर..." ती थांबते.
"हाडांसाठी, आई. पन्नाशीच्या आसपासपर्यंत."
"बरं. थायरॉइडला धन्याचं पाणी चांगलं म्हणे, सकाळी उपाशीपोटी."
"दुपारी घेईन."

१०.००
सहा आठवड्यांनी सहामाहीचे पेपर तपासायला असतील; रक्त द्यायची तारीख त्याच्या नंतरच्या शनिवारी धरते. एमआरआयसाठी पुण्याला फोन उद्या मधल्या सुट्टीत. इको रिपोर्टवर 'नॉर्मल'च्या शेजारी २.३ लिहिते, लाल पेननं.