ड्रोनची बॅटरी जोडताना ठिणगी टाळा

बीड जिल्ह्यात कपाशी हे खरिपाचे एक प्रमुख पीक आहे. उभ्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन औषध फवारणे कष्टाचे व प्रकृतीस अपायकारक असते. त्यामुळे ड्रोनने फवारणी करण्याकडे लक्ष वेधले जात आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन पुरविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ड्रोन उडविण्याचे शिक्षण घेतले जाते. परंतु बॅटरी जोडण्याच्या साध्या कामाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

बॅटरी जोडताना ‘चट्’ असा आवाज होऊन निळसर ठिणगी उडते. ती का उडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात कपॅसिटर बसविलेले असतात. ते विजेच्या रिकाम्या हौदासारखे असून, बॅटरीचा स्पर्श होताच क्षणात भरू पाहतात. कालव्याचे दार एकदम उघडले तर चारी फुटते, म्हणून शेतकरी पाणी बेताने सोडतो. येथेही तसेच आहे. बारा सेलांच्या पूर्ण भारित बॅटरीचा दाब ५०.४ व्होल्ट असतो. वाट मोकळी सापडल्यास क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह धावतो आणि ठिणगी पडते.

एका ठिणगीने ड्रोन बिघडत नाही. परंतु फवारणीच्या दिवशी बॅटरी अनेक वेळा बदलावी लागते. प्रत्येक ठिणगी जोडाच्या धातूवर बारीक खड्डा पाडते व काजळी धरविते. असा जोड पुढे उड्डाणात तापतो, त्याचे प्लॅस्टिक वितळते, आणि वीज खंडित झाल्यास भरल्या टाकीसह ड्रोन पिकात कोसळतो. शिवाय काही प्रवाही कीटकनाशकांतील द्रावके ज्वलनशील असतात. त्यांच्याजवळ ठिणगी पडणे धोक्याचे होय.

विजेवर उडणारी छोटी प्रतिकृती-विमाने बाळगणाऱ्या हौशी मंडळींनाही हीच अडचण येते. तिच्यावरील उपाय म्हणजे ठिणगीरोधक जोड. त्याच्या आत एक लहान रोधक असतो. पहिला स्पर्श त्या रोधकातून होतो व कपॅसिटर बेताने भरतात. रोधक ५.६ ओहमचा असेल, तर ५०.४ व्होल्टला प्रवाह ९ अँपिअरच्या वर जात नाही. जोड पूर्ण आत बसला म्हणजे प्रवाह रोधकाला वगळून थेट वाहू लागतो.

बॅटरी जोडताना पुढील क्रम पाळावा :

१. औषधे, जनित्राचे पेट्रोल व वेचलेला कापूस यांपासून दूर, सावलीत व कोरड्या जागी काम करावे. हात कोरडे असावेत.

२. जोडावरील धूळ व औषधाचे थेंब कोरड्या फडक्याने पुसावेत.

३. काळ्या व तांबड्या तारांची खूण पाहावी. उलटी जोडणी कदापि करू नये.

४. दोन्ही तारांचे जोड वेगळे असल्यास प्रथम काळा व नंतर तांबडा जोडावा. काढताना प्रथम तांबडा काढावा.

५. ठिणगीरोधक जोड प्रथम अर्धा बसवावा, सुमारे एक सेकंद थांबावे, मग घट्ट दाबून पूर्ण बसवावा. अर्धवट स्थितीत अधिक वेळ ठेवू नये, रोधक जळतो.

६. बटण असलेल्या बॅटरीचे बटण बंद ठेवूनच जोड बसवावा व नंतर चालू करावे.

७. पंखे पूर्ण थांबल्याशिवाय बॅटरी काढू नये.

ठिणगीरोधक जोडातून पुन्हा ठिणगी पडू लागली, तर आतील रोधक जळाला असे समजावे व जोड जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा. काळवंडलेला किंवा सैल जोड कानशीने घासून पुन्हा वापरू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेत निराळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. फुगलेली बॅटरी न जोडता बाजूला काढावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ड्रोनच्या प्रात्यक्षिकात उड्डाणापूर्वी हा क्रम स्वतः करून दाखवावा आणि बचत गटाच्या प्रत्येक भगिनीकडून एकदा तरी करवून घ्यावा. त्याच वेळी जुने जोडही तपासावेत. जोडासाठी एक सेकंद थांबल्याने फवारणीस उशीर होत नाही. पण ऐन हंगामात ड्रोन बंद पडला, तर कीड मात्र थांबत नाही.