अळवाचं पान, मीटरच्या हिशोबात

‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचार तुम्ही आजीकडून ऐकला असेलच. पानावर सूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेण. मध्ये हवा अडकते, थेंब नुसता टोकांवर टेकतो आणि घरंगळतो. कमळाच्या पानाबाबत बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हेच सविस्तर मांडलं.

आता अशी नक्षी प्लॅस्टिकवर छापता येते. निकेलच्या रुळावर उलटा साचा असतो. तापवलेली फिल्म त्याखालून दाबून नेली की नक्षी सलग उमटत जाते, वर्तमानपत्र छापावं तशी. फायदा मोठा: निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा थर टाळता येतो.

अडचण झिजण्याची. पान मेण पुन्हा तयार करतं, प्लॅस्टिकला ते जमत नाही. तेलासाठी तर उंचवट्यांना छत्रीसारखी कड लागते. ती साच्यातून निघताना अडकते. म्हणून खरेदी करताना विचारा: थर आहे की नक्षी, आणि घासल्यावर किती टिकेल?