चष्मा कधी बदलायचा? काही पक्के गैरसमज

सत्तरीच्या आजी एके दिवशी चष्म्याशिवाय पेपर वाचू लागतात, सुईत दोरा ओवतात. घरात कौतुक होते, ‘आजींची नजर परत आली’ म्हणून शेजारीपाजारी सांगितले जाते आणि वाचायचा चष्मा कपाटात जातो. प्रत्यक्षात ही खूण बहुधा मोतीबिंदूची असते. वयानुसार डोळ्यातल्या भिंगाचा मधला भाग घट्ट आणि पिवळसर होत जातो, ते प्रकाश जास्त वाकवू लागते आणि डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो. म्हणून जवळचे काही काळ बिनचष्म्याचे दिसते, पण त्याच वेळी दूरचे धूसर होत असते. आजी टीव्हीच्या जवळ सरकून बसतात, जिन्याची शेवटची पायरी चुकतात, रात्री गाडीच्या दिव्यांभोवती त्यांना वलये दिसतात. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध मात्र कुणी लावत नाही. दूरच्या चष्म्याचा नंबर बदलून थोडे दिवस भागते, पण मोतीबिंदू चष्म्याने किंवा थेंबांनी जात नाही. शस्त्रक्रियेसाठी तो ‘पिकायची’ वाट पाहावी लागते, हाही जुना समज आहे. रोजची कामे अडू लागली की शस्त्रक्रिया करता येते, आणि फार पिकू दिला तर ती उलट अवघड होते.

मधुमेह असलेल्यांची गत वेगळी. रक्तातली साखर खूप वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगातले पाण्याचे प्रमाण बदलते आणि नंबर काही दिवसांतच हलतो. अशा वेळी घाईने केलेला चष्मा साखर आटोक्यात आल्यावर निरुपयोगी ठरतो. त्यामुळे आधी साखर तपासावी, ती काही आठवडे स्थिर राहू द्यावी आणि मगच नंबर काढावा.

‘दोन वर्षे झाली, आता चष्मा बदलायलाच हवा’ असेही पुष्कळ जण धरून चालतात. चष्म्याच्या काचेला औषधासारखी मुदत नसते. नंबर तोच असेल, काच स्वच्छ असेल आणि फ्रेम सरळ बसत असेल, तर पाच वर्षांचा चष्माही उत्तम चालतो. ठरावीक काळाने तपासायचे असतात ते डोळे. चष्मा बदलायचा की नाही, हे त्या तपासणीनंतर ठरते.

काचेवरच्या ओरखड्यांनी डोळे बिघडत नाहीत, पण रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यांच्यावर फुटतो आणि डोळे दिपतात. गाडी चालवणाऱ्याने अशी काच अंगावर काढू नये. आजच्या बहुतेक काचा प्लॅस्टिकच्या असतात. शर्टाच्या टोकाने किंवा पदराने त्या कोरड्या पुसल्या की धुळीचे कण काच घासतात. चष्मा साध्या पाण्याखाली धरावा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावून धुवावा आणि मऊ सुती कापडाने टिपावा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याच्या कोटिंगला उष्णतेने बारीक तडे जातात. ते कितीही पुसले तरी जात नाहीत, तेव्हा काच बदलावी.

वाकड्या फ्रेमकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात. काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर असावा लागतो. समजा, दोन्ही डोळ्यांचा नंबर 6 आहे आणि काडी वाकल्यामुळे एक काच दुसरीपेक्षा 5 मिलिमीटर खाली बसते. एवढ्याने एक मीटरवरची वस्तू दोन डोळ्यांना साधारण 3 सेंटीमीटर वरखाली दिसू लागते. त्या दोन प्रतिमा जुळवता जुळवता डोळे थकतात, डोके दुखते, आणि माणूस नंबर वाढला असे समजून नवा चष्मा करायला निघतो. काम असते दुकानात पाच मिनिटे बसून फ्रेम सरळ करून घेण्याचे. आधी ते करावे.

मुलांच्या बाबतीत सर्वांत घातक समज म्हणजे ‘चष्मा लावला की नंबर वाढत जातो, म्हणून थोडा कमी नंबर द्या’. मुलाचा मायनस नंबर वाढतो तो मुख्यतः डोळ्याची लांबी वाढते म्हणून. ती एक मिलिमीटर वाढली तर नंबर अडीच ते तीनने वाढू शकतो. मलेशियातल्या मुलांवर केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांत कमी नंबराचा चष्मा लावणाऱ्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर लावणाऱ्यांपेक्षा जास्तच वाढलेला आढळला. मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. फळा वाचताना ते डोळे बारीक करते का, चष्मा डोळ्याशी दाबून धरते का, काच तिरपी करून बघते का, हे पाहावे. मायनसची काच तिरपी केली की तिची ताकद किंचित वाढते. मुलाने ते आपले आपण शोधून काढलेले असते. चष्मा असलेल्या मुलाचे डोळे सहा महिने ते वर्षभरात तपासलेच पाहिजेत.

चाळिशीचा चष्मा लांबणीवर टाकण्यात लोकांना काय मिळते, हे मला खरेच कळत नाही. पेपर हात लांब करून धरला तरी डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता परत येत नाही. नंबर साठीच्या आसपास स्थिरावेपर्यंत वाढतो, चष्मा लावला तरी आणि नाही लावला तरी. आसाममध्ये चहाची पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या 751 मजुरांवर केलेली पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. जवळचा चष्मा मिळालेल्यांची खुडणी तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्के जास्त वाढली. साध्या चष्म्याने मजुरी वाढते, हे शिवणकाम, धान्य निवडणे, सोनारकाम करणाऱ्या आपल्या माणसांनाही लागू आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुकानातल्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असे नव्हे. ते यंत्र नंबर सांगते. डोळ्यातला दाब किंवा पडद्याची आणि नसेची अवस्था त्याच्याने कळत नाही. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते आणि मधली बरीच नंतर, म्हणून चष्मा लावून 6/6 वाचणाऱ्या माणसालाही तो असू शकतो. आणि गेलेली नजर परत येत नाही. चाळिशीनंतर दर एक-दोन वर्षांनी आणि मधुमेह असल्यास दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब आणि पडदा तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तसे त्यांना सांगा. आणि डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके उसळले किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.