पीण्यातला रविवार आणि तीन सुयांची गोधडी

रविवारी दुपारचे दोन वाजले की आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. मध्यभागी चिंध्यांचा ढीग, एका बाजूला इस्त्री, दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याची वाटी. थोरली निळे तुकडे वेगळे काढत असते, धाकटी चौकोन मोजत असते आणि मी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत असते. तिसऱ्यांदा चुकले की थोरली काही न बोलता माझ्या हातातून सुई घेते आणि ओवून परत देते. हे असं वर्षभर चाललंय.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले. मुलींच्या बाबांना बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात सीएनसी मशीनवर काम मिळालं आणि सहा वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो. मीही जवळच्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये चलनं आणि हिशेब पाहते. थोरली आता नववीत आहे, धाकटी चौथीत.

पीण्या म्हणजे आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही वसाहत उभी राहिली. गल्लोगल्ली लेथ, प्रेस, प्लेटिंगची युनिटं आणि मध्ये मध्ये कपडे शिवणाऱ्या मोठ्या कंपन्या. सकाळी त्यांच्या फाटकांकडे डबे घेऊन जाणाऱ्या बायकांची रीघ लागते. मुलांनी खेळायला बाहेर पडावं असा हा भाग नाही. रस्त्यावर ट्रक, टेम्पो आणि फोर्कलिफ्ट. त्यामुळे शाळा सुटली की मुली घरात, आणि घरात म्हटलं की हातात मोबाइल.

‘तुझी सुट्टी म्हणजे...’

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. सहा दिवसांची साठलेली कामं मी रविवारी काढायची. इडलीचं पीठ, मसाला, गणवेशांची इस्त्री, बाथरूम घासणं. त्यातच मुलींवर आवाज चढवणं. एका रविवारी मी थोरलीला म्हटलं, “सुट्टीच्या दिवशी तरी तो मोबाइल ठेव, जरा बोल माझ्याशी.”

ती मान वर न करता म्हणाली, “तुझी सुट्टी म्हणजे आम्हाला ओरडायचा दिवस, आई.”

राग आला, पण उत्तर सुचलं नाही. रात्री भांडी घासताना मनाशी हिशेब केला. आठवडाभरात तिच्याशी माझं बोलणं म्हणजे जेवलीस का, आवरलंस का, अभ्यास झाला का. एवढंच. आणि मोबाइलचं म्हणाल तर डिस्पॅचचे मेसेज बघायला माझ्याही हातात तो रात्री दहापर्यंत असायचा.

खालच्या मजल्यावरच्या अज्जी

वाट दाखवली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या अज्जींनी. त्या गदगकडच्या. जुलैच्या पावसात एकदा दारात बसून त्या कौदी शिवताना दिसल्या. धाकटी त्यांच्या शेजारी बसून तुकडे देत होती. मी थबकले, कारण ते माझ्या आजीचंच काम होतं. आम्ही तिला वाकळ म्हणायचो, पुण्याकडे गोधडी म्हणतात, उत्तर कर्नाटकात कौदी. जुन्या साड्यांचे थर, वर रंगीत तुकडे आणि हाताचा धावदोरा. बंगालमधली कांथा, बिहारमधली सुजनी आणि राजस्थान-सिंधमधली रल्ली याच कुटुंबातल्या.

अज्जींना मराठी येत नाही, माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. पण शिवणाला भाषेची अडचण आली नाही. सुईला त्या सूजी म्हणतात, दोऱ्याला दारा, कात्रीला कत्तरी. अडलंच कुठे, तर धाकटी दुभाषी. मी घाईने लांब टाके घालायला लागले की अज्जी माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणायच्या, “निधान, निधान.” म्हणजे सावकाश.

कापडाची इथे ददात नाही. कंपन्यांमधून कापून उरलेले तुकडे भंगारवाल्यांकडे किलोवर मिळतात. इथले लोकही त्याला चिंदीच म्हणतात. धाकटीला बरोबर नेलं की भाव कमी होतो, कारण ती अस्खलित कन्नडमध्ये घासाघीस करते आणि दुकानदाराला हसू आवरत नाही.

आतल्या थरासाठी मात्र जुनी सुती साडी हवी होती. माझ्या ट्रंकेत आईची इरकल होती. आई जाऊन चार वर्षं झाली. ती साडी मी नेसत नव्हते आणि कुणाला देतही नव्हते. अज्जींनी पदर हातात घेतला आणि लगेच ओळखलं, “इळकल!” आपण जिला इरकल म्हणतो, ती बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची, हे मला तेव्हा उमगलं. माझी आई सांगलीत आयुष्यभर जी नेसली, ती अज्जींच्या मुलखातून आलेली होती.

“कापवत नाही,” मी म्हटलं. धाकटीने ते कन्नडमध्ये सांगितलं. अज्जी म्हणाल्या, कापायची कशाला? अख्खीच आत घडी घालून ठेव. वरून दिसणार नाही, पण पांघरणाऱ्याला ऊब तिचीच.

दातात धरलेला दोरा

पहिल्या दोन रविवारी थोरली लांब बसली होती. तिसऱ्या रविवारी म्हणाली, “हा पिवळा इथे वाईट दिसतोय.” मी म्हटलं, “मग तू लाव.” त्या दिवसापासून रंगांचं खातं तिच्याकडे गेलं.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही दोघी एकाच कडेवर समोरासमोर बसून टाके घालत होतो. धाकटी अज्जींकडे गेली होती. अचानक, मान खालीच ठेवून, थोरली म्हणाली, “आई, गणितात पंचवीसपैकी सात मिळाले. जुलैमध्येच. पेपरवर तुझी सही मीच केली.”

ओरडायला तोंड उघडणारच होते, पण दातात दोरा होता. गाठ मारून तो तोडेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले असतील. तेवढ्यात तिचा हात दिसला. सुई थरथरत होती, तरी ती टाका घालतच होती. मी वर पाहिलं नाही. एवढंच विचारलं, “कुठल्या धड्यात अडलं?”

मग सगळं बाहेर आलं. बीजगणित सुरू झालं तेव्हा ती तापाने आठवडाभर घरी होती. नंतर वर्गात विचारायची लाज वाटली. घरी सांगावं, तर मी कायम घाईत. दोन महिने तो पेपर दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा काढून आम्ही दोघी शाळेत गेलो आणि वर्गशिक्षिकांना खरं ते सांगितलं. सही तिनेच केली हे थोरलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते तिला अवघड गेलं, मलाही. रात्री अर्धा तास बाबा तिला गणित शिकवायला लागले. मशीनचे ड्रॉइंग वाचणारा माणूस आहे, पण सुरुवात त्यांनी आमच्याच गोधडीच्या चौकोनांवरून केली. पुढच्या चाचणीत तिला चौदा मिळाले. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण पेपर त्याच संध्याकाळी टेबलावर होता.

मला त्यातून एक गोष्ट कळली. मुलीला समोर बसवून “बोल, काय झालं?” विचारलं की तिचं तोंड मिटतं. हात गुंतलेले असले, नजर कापडावर असली आणि आई शेजारी असली, की अवघड गोष्ट हळूच बाहेर येते. वयात येणाऱ्या मुलींना आईच्या डोळ्यांत बघून सांगणं जड जातं. मात्र ‘शिवता शिवता काढून घेऊ’ अशा हिशेबाने बसलात तर मुलींना ते लगेच कळतं. कित्येक रविवारी आम्ही फक्त रंगांवरून भांडलो आहोत.

एक वाचते, दोघी शिवतात

मोबाइल आम्ही घराबाहेर काढला नाही, त्याला कामाला लावलं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक आता मोबाइलवर मोफत वाचता येतात. आमचा नियम असा, की एकीने मोठ्याने वाचायचं, दोघींनी शिवायचं. शाळेत हिंदी असल्यामुळे मुलींना देवनागरी येते, पण मराठी वाचताना जीभ अडखळायची. आता धाकटी गोष्टीतल्या आजोबांचा आवाज काढून वाचते. एखादा शब्द अडला की मी सांगते, मग त्याला कन्नडमध्ये काय म्हणतात ते त्या मला सांगतात. माझं कन्नड भाजीबाजाराच्या थोडं पुढे सरकलं ते असं.

कामाच्या दिवशी शिवण निघत नाही. तेव्हा जेवणानंतर वीस मिनिटांचा एक डाव. चार कवड्या आणि पाच बाय पाच घरांचा पट. इथे त्याला चौकाबारा म्हणतात, आपल्याकडे चल्लस-आठ. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. दुसरा खेळ अळगुळी मणे. लाकडी पाटावर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी आणि त्यांत वाटत जायचे चिंचोके. या खेळात धाकटी बाबांना सहज हरवते. आणि हरल्यावर तेच एक डाव आणखी मागतात.

महिन्यातून एक रविवार मेट्रोचा. २०१४ साली हिरवी मार्गिका पीण्यापर्यंत आली आणि २०१७ पासून ती थेट शहराच्या दक्षिणेला जाते. त्यामुळे ट्रॅफिकच्या भीतीने घरात बसणं संपलं. दोऱ्याची रिळं घ्यायला चिक्कपेटेला उतरतो. कधी लालबाग. तिथला खडक सुमारे ३०० कोटी वर्षं जुना आहे असं सांगितलं, तेव्हा धाकटीने त्यावर कान लावून पाहिला. कधी मल्लेश्वरम. तिथल्या काडू मल्लेश्वर मंदिराला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर होती, हे मुलींना पुस्तकात वाचून माहीत होतं. पण आपण रोज जातो त्या मार्गावर उतरून ते बघता येतं याचं त्यांना नवल वाटलं.

तुम्हालाही करायची असेल तर

- पाचवारी सुती साडीची तीन पदरी घडी घातली की साधारण सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अंथरूण होतं. एका मुलीला पुरेसं.
- चिंध्या आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. गडद रंग वेगळे भिजवा, नाहीतर एकाचा डाग दुसऱ्याला लागतो.
- सुती विणीचे तुकडे निवडा. टी-शर्टचं कापड ताणतं, सिंथेटिक सुळसुळतं आणि जीन्समधून मुलांच्या हाताने सुई जात नाही.
- तुकडे आधी कच्च्या टाक्याने टाचून घ्या. मग बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत या.
- लहान मुलांना मोठ्या नेढ्याची सुई द्या आणि काम संपल्यावर सुया मोजून डबीत ठेवा. आमच्याकडे हे काम धाकटीचं. तीनच्या तीन आल्याशिवाय ती कुणाला जमिनीवर बसू देत नाही.
- टाके वाकडे आले तर उसवू नका. धाकटीची ओळ आमच्या पहिल्या गोधडीत ओढ्यासारखी वळत गेली आहे. बोट ठेवलं की हे कुणाचं ते कळतं.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकाही अशाच गोधड्या शिवतात. त्या चार कोपऱ्यांना रंगीत तिकोनी घड्यांची ‘फुलं’ लावतात. धाकटीने त्यांचा व्हिडिओ पाहिला आणि आमच्या गोधडीलाही फुलं आली. तीन नीट, एक जरा लोंबतं.

डिसेंबरची रात्र

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते. पहिली गोधडी पुरी झाली ती त्याच महिन्यात. शेवटची गाठ अज्जींनी मारली आणि म्हणाल्या, “आयतु.” झालं.

त्या रात्री थोरली ती पांघरून झोपली. मी दिवा घालवायला गेले तर ती जागीच होती. गोधडीची कड नाकाशी धरून म्हणाली, “आई, आजीच्या साडीला अजून कपाटाचा वास येतो.” मी तिच्या शेजारी जरा वेळ पडले. आईबद्दल तिने दोन-तीन गोष्टी विचारल्या. तोवर तिने मला त्या कधी विचारल्या नव्हत्या आणि मीही सांगितल्या नव्हत्या.

घर आजही तसंच आहे. रविवारी इडलीचं पीठ राहून जातं, मग सोमवारी पोहे होतात. इस्त्री आता ज्याची त्याने करायची. मी अजून ओरडते, पण दुपारी दोनच्या आत ओरडून घ्यायचं असं मुलींनीच ठरवून दिलं आहे.

सध्या धाकटीची गोधडी चालू आहे. हिरव्या तुकड्यांची, कारण तिला त्यात लालबाग हवी आहे. मधला एक चौकोन राहिलाय. परवा थोरली चिंध्यांमधून जांभळे तुकडे बाजूला काढत होती. यात तर जांभळा नाही, मग हे कशाला, असं मी विचारलं.

“तुझ्या गोधडीला,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातली सुई घेऊन ओवायला लागली.