आखाडा कुणाचा, चित्रण कुणाचं?

२०२५ साली दोन महिन्यांच्या आत अहिल्यानगर जिल्ह्यात दोन महाराष्ट्र केसरी ठरले. २ फेब्रुवारीला वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ यांनी गदा जिंकली आणि मार्चअखेरीस कर्जतला वेताळ शेळके यांनी. पहिली स्पर्धा महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाची, दुसरी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची. खरी संघटना कोणती, हे भांडण जुनं आहे आणि ते उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. ते मान्यतेचं भांडण आहे, प्रक्षेपणाचं नाही. तरीही प्रक्षेपणाचे करार कुठे फसतात, हे समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण नाही. एखाद्या वाहिनीने ‘महाराष्ट्र केसरी’चे हक्क विकत घ्यायचे ठरवले, तर पैसे कुणाच्या हाती द्यायचे? विकणारा खरोखर मालक आहे का, हा पहिला प्रश्न. अनेक खटल्यांचं मूळ इथेच असतं.

आता विकलं काय जातं ते पाहू. सामन्याची मालकी देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. हक्क उभा राहतो तो मैदानावरच्या ताब्यातून. मैदान ज्याच्या हातात, तो ठरवतो कुणाचा कॅमेरा आत येईल आणि कोणत्या अटींवर. कॅमेरा सुरू झाला की कॉपीराइट कायदा लागू होतो. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रक्षेपणावर २५ वर्षं हक्क मिळतो. मात्र गुण किती झाले, कोण जिंकलं, ही माहिती कुणाच्या मालकीची नसते. धावफलक मोबाइलवर पाठवण्यावरून स्टार इंडियाने भांडण केलं, तेव्हा २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हेच सांगितलं.

पूर्वी हा ताबाही पुरेसा नव्हता. १९९३ च्या हिरो कपचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन अडून बसलं, परदेशी कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टमने रोखली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे. आज गावातली कबड्डी यूट्यूबवर दिसते, त्यामागे या निकालाने मोकळी केलेली वाट आहे, असं मी मानतो. पुढे २००७ च्या कायद्याने, केंद्राने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित केलेल्या स्पर्धांचं थेट चित्रण प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं. टीव्हीवरच्या जाहिरात उत्पन्नातले ७५ टक्के हक्कधारकाला, २५ टक्के प्रसार भारतीला.

कॉलेजच्या खेळांत मालकीचा गुंता वाढतो. संगमनेर, श्रीरामपूर किंवा पाथर्डीचं एखादं कॉलेज आंतरमहाविद्यालयीन सामने भरवतं. मैदान कॉलेजचं, मांडव कॉलेजचा, पण स्पर्धा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. तिथून निवडलेला संघ पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाच्या स्पर्धेला जातो. मग स्थानिक केबलवाल्याला ‘पूर्ण हक्क’ लिहून देणारे प्राचार्य नेमकं काय देऊ शकतात? मैदानात शिरण्याची परवानगी, एवढंच. विद्यापीठाने लेखी अधिकार दिल्याशिवाय स्पर्धेचे हक्क त्यांच्याकडे येत नाहीत, असं धरून चालणंच शहाणपणाचं.

अमेरिकेत हाच प्रश्न कोट्यवधी डॉलरचा झाला. तिथल्या एनसीएए या महासंघाने कोणत्या कॉलेजचे फुटबॉल सामने टीव्हीवर किती वेळा दिसावेत, हे ठरवून टाकलं होतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी महासंघाची मक्तेदारी मोडली. मग विद्यापीठांनी गट करून हक्क एकत्र विकायला सुरुवात केली. पुढे तेच गट जाचू लागले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने आपले हक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या गटाला २०३६ पर्यंत लिहून दिले होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यातून सुटण्यासाठी दावा लावावा लागला. क्लेम्सन विद्यापीठानेही लावला. २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली. मुदतीचा एक आकडा किती महाग पडतो, ते इथे दिसतं.

आपल्याकडे तर मुदत लिहायचीच राहून जाते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर सारा भारत. चित्रण कुणाचं, याचं उत्तर कलम १७ देतं. कॉलेजने पैसे मोजून व्हिडिओग्राफर बोलावला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते कॉलेजचं. वाहिनीने स्वखर्चाने केलं, तर वाहिनीचं.

हे नुसतं कागदी प्रकरण नाही. वाडिया पार्कवर मोहोळ यांच्याविरुद्धच्या कुस्तीत आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रण तपासा, अशी मागणी शिवराज राक्षे यांनी केली. पुढे राक्षे यांची पंचांशी जी झटापट झाली, ती सगळ्यांनी पाहिली. राक्षे यांच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाईही झाली. त्या क्षणी पंचांना कोणत्या कॅमेऱ्याचं चित्रण, किती मिनिटांत मिळेल, हे करारात आधी लिहिलेलं हवं. खेळाडूचं वर्ष त्यावर अवलंबून असतं. मला हे कलम पैशाच्या कलमाइतकंच मोलाचं वाटतं.

वाद झालाच तर वेळ हाताशी नसते. सामना संपला की थेट प्रक्षेपणाची किंमत संपली. म्हणून पक्षकार आधी मनाई हुकमासाठी धावतात आणि भरपाईचा हिशेब मागून लवादापुढे चालतो. हा लवाद कुठे बसेल, तेही करार ठरवतो. आयसीसीच्या सामन्यांच्या टीव्ही हक्कांवरून स्टार आणि झी यांचं बिनसलं, तेव्हा २०२४ मध्ये प्रकरण लंडनच्या लवादाकडे गेलं. त्यांना ते परवडतं. शेवगावच्या कॉलेजला मुंबईची खेपही जड जाते.

म्हणून शारीरिक शिक्षण संचालकांना आणि यात्रेच्या आखाडा समित्यांना कळकळीची विनंती: पुढच्या हंगामात कुणी ‘फुकट लाइव्ह करतो’ म्हणत कागद पुढे केला, तर मुदत, प्रदेश, चित्रणाची मालकी आणि लवादाचं ठिकाण अहिल्यानगर, एवढं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.