कृष्णधवल भूदृश्यातील मनुष्याकृती

स्थळवर्णनात माणूस कोठे ठेवावा, हा लेखकापुढचा प्रश्न छायाचित्रकारापुढेही असतो. कृष्णधवल छायाचित्रात तो अधिक स्पष्टपणे दिसतो. म्हणून या घटकात आपण मनुष्याकृतीची तीन कार्ये पाहू.

१. प्रमाण : पिंपळवंडीप्रमाणेच जुन्नर तालुक्यात असलेल्या खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. मोकळ्या माळावरील एकाच तबकडीच्या छायाचित्रावरून हा आकार कळणार नाही. पायथ्याशी माणूस उभा असेल, तर तो तत्काळ कळतो. कारण माणसाची उंची आपल्या परिचयाची असते.

२. उठाव : रंग नसल्याने झाडी, माती आणि खडक एकमेकांत मिसळू लागतात. काळ्या कातळापुढे पांढरे धोतर उठून दिसते; तेच उजळ आकाशापुढे पुसट होते. म्हणजे आकृतीची जागा छाया-प्रकाशाच्या विरोधावर ठरते.

३. अर्थ : मेजर रॉबर्ट गिल यांच्या ७४ छायाचित्रांसह जेम्स फर्ग्युसन यांचे भारतीय शैलगृहांवरील पुस्तक १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळच्या काचपट्टीवर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत. तोवर माणसाला निश्चल उभे राहावे लागे. लेण्यांच्या अशा जुन्या छायाचित्रांखाली बहुधा लेण्याचे नाव असते. खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाचे नसते. तो केवळ मोजपट्टी ठरतो.

येथे मराठीचे व्याकरण आठवा. ‘मी डोंगर पाहिला’ या वाक्यात ‘डोंगर’ला प्रत्यय लागत नाही आणि क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. ‘मी त्या मेंढपाळाला पाहिले’ या वाक्यात मात्र ‘ला’ येतो. विशिष्ट माणूस कर्मस्थानी आला, तरी भाषा त्याला वस्तूंपासून वेगळा ठेवते. छायाचित्राने असे केले आहे का, हे पाहणाऱ्याने प्रत्येक वेळी तपासावे लागते. आकृती बोटाने झाका. केवळ आकाराचा अंदाज गेला, तर ती मोजपट्टी होती. दृश्याचा अर्थच गेला, तर ती व्यक्ती होती.

कृती : आपल्या परिसरातील एखाद्या शेताचे किंवा डोंगराचे कृष्णधवल छायाचित्र माणसासह आणि माणसाविना घ्या. माणसाची संमती घ्या. दोन्ही छायाचित्रांचे प्रत्येकी पाच वाक्यांत वर्णन करा आणि कोणती क्रियापदे बदलली, ते नोंदवा.