घाट उतरताना इंजिन का गुरगुरतं?

पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना हायब्रिड गाडीच्या पडद्यावर बॅटरीचे पट्टे भराभर वाढतात. बऱ्याचदा घाट संपण्याआधीच ती भरते आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिन गुरगुरू लागतं. पेट्रोल जळतंय की काय, अशी शंका येते. तसं नसतं.

उतारावर चाकंच मोटर फिरवतात आणि मोटर जनित्र होऊन वीज तयार करते. प्रवाशांसह दीड टनाची गाडी 500 मीटर खाली आली, की जवळपास 2 युनिट विजेइतकी ऊर्जा सुटते. त्यातली काही वारा आणि टायर खातात. टोयोटा हायरायडर हायब्रिडची बॅटरी मात्र जेमतेम पाऊण युनिटाची. टाकी भरली तरी नळ चालूच, अशी गत. मग उरलेला जोर जिरवायला गाडी पेट्रोल न देता इंजिन नुसतं फिरवते.

बॅटरीत जागा असेपर्यंत ब्रेक लवकर आणि हलका दाबा, म्हणजे गाडीचा वेग मोटरच कमी करते. करकचून दाबलात तर ऊर्जा ब्रेक-पॅड तापवण्यात जाते. गिअरच्या दांड्यावरच्या ‘बी’ पर्यायाने जास्त वीज मिळते, हा गैरसमज आहे; ‘बी’ इंजिनाचा अडसर वाढवतो. लांब, तीव्र उतारावर मात्र तो जरूर वापरा, कारण तापलेले ब्रेक हा घाटातला खरा धोका. आणि चढताना बॅटरी जपत बसू नका. माथ्यावर ती थोडी रिकामी असलेलीच बरी.